घरजावई गिटार

"श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळात मी एकटी गाणार हाय," दानेश्वरीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आन् तुमी वाजवणार हाय. मी सांगून आले."

त्यांचे यजमान उपासे सर त्या वेळी स्टुलावर उभे राहून स्वयंपाकघरातले डबे लावत होते. सर एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. पुस्तकं हातची गेल्यावर त्यांनी मोर्चा डब्यांकडे वळवला होता. शेंगदाणे डाळींच्या फळीवरून उठवून त्यांनी तिळाशेजारी, तेलबियांत बसवले होते. आमसुलं फळांत गेली होती. चिवड्याचा डबा मात्र परवापासून ओट्यावरच होता, कारण पोहे, डाळं, दाणे आणि खोबरं एकत्र नांदणाऱ्या वस्तूचा मूळ वर्ग कोणता, हे सरांचं ठरत नव्हतं. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी एका कप्प्यात बसतेच, बसत नसेल तर ती आपल्याला नीट कळलेली नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

"मी?" सर स्टुलावरून उतरले. "देवळात गिटार?"

"मग काय बिरप्पा मास्तरांच्या पेटीवर गाऊ? त्यांची पेटी काळी दोनच्या पट्टीखाली उतरत न्हाय आन् माझा गळा तितं चढत न्हाय. तुमची गिटार माझ्यासंगट खाली येती, वर जाती. मदी थांबले तर मदी थांबती."

यात खोटं काही नव्हतं. दानेश्वरीबाई पेठेतल्या महिला भजनी मंडळात कित्येक वर्षं मागच्या रांगेत बसून गात आल्या होत्या. पुढं बसून गाणाऱ्या नागम्मा मुलीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेल्या, म्हणून यंदा शरण संतांचं कन्नड वचन गायची पाळी यांच्यावर आली होती. त्यांचा गळा सुरावर उडी मारून बसणारा नव्हता. घसरत, अंदाज घेत, हळूच जाऊन टेकणारा होता. मंडळातल्या बायका त्याला दोष म्हणत. सर म्हणत नसत, कारण त्यांच्या गिटारीला तीच खोड होती.

ही गिटार म्हणजे पोरं गळ्यात अडकवून फिरतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी झोपवायची. डाव्या हातात बोटाएवढी गुळगुळीत पोलादी कांडी धरायची आणि ती तारांवरून नुसती सरकवायची. तारा दाबायच्या नाहीत. उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून छेडायचं. मग सूर असा निघतो की वाटावं, कुणी तरी दुरून हाक मारतंय आणि हाक मारता मारता जवळ येतंय. हिचं नाव स्टील गिटार. त्यामुळं घरी आलेला प्रत्येक पाहुणा एकदा तरी म्हणायचाच, "स्टीलची हाय? वजनाला लई असंल की."

"लाकडाची आहे," सर सांगत.

"मग स्टील कुटं हाय?"

"हातात."

यावर पाहुणा चहा मागायचा.

संध्याकाळी दानेश्वरीबाई भाजी निवडत गुणगुणायच्या आणि सर पलंगावर बसून त्यांच्यामागून गिटार सरकवायचे, हा त्या घराचा जुना परिपाठ होता. पण तो घरातला. देवळाची गोष्ट वेगळी. तिथं वीरभद्रप्पा अण्णा होते.

अण्णा देवस्थान पंच कमिटीचे अध्यक्ष. भुसार मालाचे व्यापारी. दुसऱ्या दिवशी दोघं त्यांच्या दुकानी गेले तेव्हा ते गादीवर बसून ज्वारीचा नमुना तळहातावर फिरवत होते.

"या, या. हौद्री, व्हय, अक्कांनी सांगितलंय मला," अण्णा म्हणाले. "गाऊ द्या की. मी कशाला न्हाय म्हणू? तेवढं एक सांगा सर, वाद्य आपलंच हाय न्हवं?"

या प्रश्नाला कारण होतं. गेल्या श्रावणात एका मंडळानं देवळात कीबोर्ड आणला होता. ऐन आरतीत कुणाचा तरी हात लागून त्यातून लग्नाच्या वरातीचा ठेका सुरू झाला, आणि काही केल्या बंद होईना. पुजाऱ्यांनी त्याच ठेक्यावर आरती पुरी केली. तेव्हापासून कमिटीचा ठराव होता, देवळात फक्त आपली वाद्यं.

दुसरा कुणीही शहाणा माणूस "आपलंच" म्हणून मोकळा झाला असता. उपासे सर म्हणाले, "आपलं म्हणजे कोणत्या अर्थानं? उगमाच्या की वापराच्या?"

दानेश्वरीबाई खोकल्या. सरांना ऐकू आलं नाही. कुणी उगम विचारला की त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे.

"गिटार मूळची स्पेनकडची," ते म्हणाले. "खलाशांबरोबर, गुराख्यांबरोबर ती समुद्रापलीकडच्या हवाई बेटांवर गेली. तिथल्या लोकांनी तिला आडवं केलं, मांडीवर घेतलं आणि तारांवर लोखंड फिरवलं. एका शाळकरी पोरानं रेल्वेच्या रुळाजवळ सापडलेला बोल्ट फिरवून पाहिला, अशी कथा सांगतात. म्हणून हिला हवाईयन गिटार असंही म्हणतात."

अण्णांचा ज्वारीतला हात थांबला. "हवाई? म्हंजे चपलेची?"

"चप्पल वेगळी. ही बेटं."

"तुमाला म्हाईत, आता मला बी म्हाईत. पण लोकांना हवाई म्हटलं की चप्पलच आठवती. ती भायेर काढून आत येत्यात सगळी. मी देवळाच्या फळ्यावर काय लिवू?" अण्णांनी जरा विचार केला. "बेटं कुणाच्यात येत्यात?"

"सध्या अमेरिकेत."

"झालं मग," अण्णा हळहळून म्हणाले. "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. बिरप्पा मास्तर हायत की. पेटीवर गावा."

 घरी आल्यावर दानेश्वरीबाईंनी चिवड्याचा डबा उचलून पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि निजायच्या खोलीत जाऊन बसल्या. सर दारात उभे राहिले.

"मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"खोटं बोला म्हणून कोण म्हणालं? एक इचारलं तर तुमी दहा सांगितलं. मग अकरावं काय हाय ते बी सांगायचं होतं. एखांद्या वेळी तेच आपल्या कामाचं निघालं असतं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मागच्या रांगेत बसून बसून माझा आवाज मलाच ऐकू येत न्हाय हो. एकदा ऐकावा वाटलं, एवढंच."

सरांनी तो दिवस आणि दुसरा दिवस पुस्तकांत घालवला. डबे विसरले, जेवण विसरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले तेव्हा चेहरा उजळलेला होता आणि कपाळाला धूळ होती.

"अकरावं सापडलं," ते म्हणाले. "आपल्याकडं एक जुनी वीणा आहे. विचित्र वीणा. तिच्या तारा दाबत नाहीत, वरून काचेचा गोळा फिरवतात. त्या गोळ्याला बट्टा म्हणतात. म्हणून बट्टाबीन. दक्षिणेतही तशीच एक आहे, तिच्यावर लाकडाचा ठोकळा फिरवतात. म्हणजे ही युक्ती आपल्याकडं आधीपासून होती. एक मत तर असंही आहे की त्या बेटांवर ती पहिल्यांदा हिंदुस्थानात जन्मलेल्या एका माणसानं दाखवली. त्याचा पुरावा पातळ आहे."

"पातळ असला तर ऱ्हाऊ द्या. म्होरं?"

"पुढं अडचण आहे. हिला बसवायचं कुठं? शरीरानं ही गिटार. हिला पोट आहे, मान आहे. म्हणजे ही सतार, सरोद यांच्या कुळातली. पण हिच्या मानेला कुणी हातच लावत नाही. मानेवरच्या पट्ट्या नुसत्या बघायला. तारा आडव्या, उघड्या, वरून लोखंड. म्हणजे वागणं सगळं संतूर-स्वरमंडळाच्या घरातलं. कुणी तिला इकडं ठेवतं, कुणी तिकडं."

दानेश्वरीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजे घरजावई की. आडनाव एकाचं, ताट दुसऱ्याकडं."

सर पाहतच राहिले. एवढी वर्षं ते ज्या वर्गाचं नाव शोधत होते, ते तव्याशेजारी होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा दुकानी गेले. या वेळी बाईंनी सरांना बजावून ठेवलं होतं, मी बोलणार, तुमी मान हलवायची.

"अण्णा, यांनी त्या दिशी अर्धंच सांगितलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बट्टाबीन सांगितली, दक्षिणेतली वीणा सांगितली. अण्णा ऐकत होते. "आता हे वाद्य अंगानं तिकडचं दिसतंय खरं. पण वागणूक बघा. मांडीवर झोपतंय, बट्टा फिरवून वाजतंय, समदं आपल्यावाणी. जन्म एकीकडं, संसार दुसरीकडं. ते घरजावई हाय, अण्णा."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना आठवलं. पोती रचणारा हमाल जागीच थांबला. सरांची हलणारी मान थांबली. वीरभद्रप्पा अण्णा तरुणपणी अक्कलकोटजवळच्या खेड्यातून या दुकानात घरजावई म्हणून आले होते. सासऱ्याचं दुकान त्यांनी दुप्पट केलं, देवळाला कळस चढवला, पण तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची पेठेत कुणाची हिंमत नव्हती.

अण्णांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली.

"सर," ते हळू आवाजात म्हणाले, "हे पुस्तकात लिवलंय?"

"शब्द नाही तो. पण अर्थ तोच आहे."

"मग पुस्तकं काय म्हणत्यात? घरजावई कुठला धरायचा? जितनं आला तितला, का जितं राबला तितला?"

सरांच्या मनात दोन्ही बाजूंचे विद्वान रांगेनं उभे राहिले. त्यांनी बायकोकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं. "जिथं राबला तिथला, असं मानणारे आहेत," ते म्हणाले.

"हायत?"

"आहेत."

अण्णांनी समोरच्या पोत्यातली मूठभर ज्वारी उचलून परत पोत्यात सोडली. मग म्हणाले, "बट्टाबीन कुणाला कळायचं न्हाय. मी फळ्यावर वीणा लिवतो."

वीणा हा फार मोठा वर्ग आहे आणि त्यात गिटार सरळ घालता येत नाही, हे सांगायला सरांनी तोंड उघडलं होतं. पण दानेश्वरीबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला होता.

आता वीणा म्हटल्यावर वीणेचं सगळं आलं. देवळाच्या फळ्यावर 'वीणावादन: मृत्युंजय उपासे सर' अशी अक्षरं झळकली आणि पेठेत बातमी झाली. वीणा चित्रात सगळ्यांनी पाहिली होती, प्रत्यक्षात कुणीच नाही. सोमवारी सर गिटार घेऊन देवळात शिरले, तेव्हा भजनी मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर चंद्रव्वा पुढं आल्या.

"सरस्वतीच्या हातात असती तीच ना ही?"

"तिची तिरपी असते," सर म्हणाले. "ही आडवी."

"दमली असंल बाई," चंद्रव्वा मायेनं म्हणाल्या आणि गिटारीच्या पाया पडल्या.

त्यांचं बघून बाकीच्या पडल्या. मग वीणा नुसती जमिनीवर कशी ठेवायची, म्हणून पाट आला. पाटावर खण आला. कुणी हळदकुंकू वाहिलं, कुणी विभूतीचे तीन पट्टे ओढले. तारांवरून झेंडूची माळ गेली. अक्षता टाकणाऱ्यांचा नेम चांगला असल्यामुळं त्या गिटारीच्या पोटातल्या भोकातून नेमक्या आत गेल्या. सरांच्या बोटांतल्या नख्या पाहून एका बाईनं विचारलं, कुठल्या ग्रहाच्या अंगठ्या आहेत आणि कुणाकडून करून घेतल्या. सर हातपाय धुऊन येतो म्हणून उठले.

परत आले तेव्हा पाटावर गिटार होती, माळ होती, खण होता. कांडी नव्हती.

"इथं एक पोलादी कांडी होती," सर म्हणाले.

"त्या वीणामातेची?" चंद्रव्वा म्हणाल्या. "पूजेचं समदं सामान गाभाऱ्यात न्हेलं की. मीच ठेवली देवाच्या पायाशी. बेल वाहिलाय तिच्यावर."

सर अण्णांकडं गेले. अण्णांनी मान हलवली. "देवाच्या पायाशी गेलेली वस्तू मंगळारती व्हायच्या आधी कोण उचलणार? आन् तुमी वीणा वाजवा की. तारा हायत साऱ्या. तुकड्यावाचून काय अडतंय?"

"तुकड्यावरच सगळं आहे, अण्णा. तो नसेल तर ही नुसती फळी."

तेवढ्यात माईकवर नाव पुकारलं गेलं. दानेश्वरीबाई हिरव्या इरकल साडीत पुढं येऊन बसल्या. देऊळ भरलं होतं. बिरप्पा मास्तरांनी भाता हलवून पाहिला आणि आपुलकीनं विचारलं, "वैनी, देऊ का काळी दोन?"

बाईंनी सरांकडं पाहिलं. सरांनी रिकामा डावा हात दाखवला. मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढून तारांवर घासून पाहिली. दाढी खाजवल्यासारखा आवाज आला. गिटार जरा सरकवली तर पोटातल्या अक्षता खुळखुळ्यासारख्या वाजल्या. पहिल्या रांगेतलं एक तान्हं बाळ हसलं.

दानेश्वरीबाई उठल्या आणि सरळ चालत देवळामागच्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. सभेत कुजबुज झाली. "भ्याली बघ," कुणी तरी म्हणालं. मंडळातल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. सरांना वाटलं, संपलं. बाई आता मागच्या दारानं घरी जाणार, उद्यापासून मागच्या रांगेतही बसणार नाहीत, आणि हे सगळं एका कांडीपायी.

बाई परत आल्या. हातात लोखंडी खलबत्त्यातला बत्ता होता. आत प्रसादाच्या हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गूळ, वेलदोडे आणि जायफळ कुटायचं चाललं होतं, ते तसंच थांबवून त्यांनी तो आणला होता.

"बट्टाबीन म्हणालाव न्हवं?" त्या सरांच्या कानाशी म्हणाल्या. "घ्या बट्टा."

बत्ता जड होता, जाड होता आणि हुग्गीच्या गुळानं थोडा चिकट झाला होता. सरांनी तो पंच्यानं पुसला, पण गूळ पुरता गेला नाही. त्यांनी तो तारांवर ठेवला आणि सरकवला. कांडी घसरायची तसा तो घसरेना. अडखळत, रेंगाळत, प्रत्येक सुराचा निरोप घेत तो पुढं गेला. जो आवाज आला तो सरांनी कधीच ऐकला नव्हता. खालचा, भरलेला, संथ.

दानेश्वरीबाईंनी डोळे मिटले आणि त्याच संथपणानं कन्नडातलं वचन उचललं. घरी त्या जरा घाईनं गायच्या, कुणी थांबवेल या भीतीनं. इथं घाई करताच येईना, कारण बत्ता घाई करत नव्हता. एका ओळीला त्यांचा गळा वर निघाला आणि दोन सुरांच्या मधे कुठं तरी थांबला, जिथं पेटीची पट्टीच नसते. सर तिथं थांबले. दोघं तिथंच राहिली. मग बाई जरा वर सरकल्या, बत्ता सरकला, आणि सूर पोचला. देवळात वेलदोड्याचा वास दरवळत होता. बिरप्पा मास्तरांचा हात भात्यावर होता, पण ते हवा भरायला विसरले होते. चंद्रव्वा रडत होत्या, पण त्या कशालाही रडत.

शेवटची ओळ संपली तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवळात वाजवायच्या की नाहीत, हे ठरलेलं नव्हतं. मग स्वयंपाकघरातून कुणी तरी ओरडलं, "बत्ता झाला का तुमचा?" आणि सगळं देऊळ हसलं.

मंगळारती झाली, पंगती बसल्या. पानांत वाफाळती हुग्गी आली, वर तुपाची धार. वीरभद्रप्पा अण्णा स्वतः पंगतीतून फिरत होते. असे खुशीत त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. भेटेल त्याला ते सांगत होते, जितं राबला तितला, असं मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे, सरांना विचारा. पानापानावर तेच सांगत ते सरांसमोर येऊन उभे राहिले. सरांच्या एका बाजूला दानेश्वरीबाई बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला बिरप्पा मास्तर.

"सर, तुमच्यासारखा जाणता माणूस कमिटीला पायजेच," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आजपासनं कुठलं वाद्य आपलं आन् कुठलं भायेरचं, ते तुमी सांगायचं. आमी मानणार. सुरुवात आताच करू. ही बिरप्पा मास्तरांची पेटी. ही तर पिढ्यान् पिढ्या हितंच वाजती. आपलीच हाय न्हवं?"

पंगत सरांकडं बघू लागली. बिरप्पा मास्तर बघू लागले. त्यांच्या आजोबांनी याच देवळात पेटी वाजवली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता.

पेटी युरोपातली. तिचा जन्म तिकडचा, ती गोऱ्या साहेबांच्या आणि पाद्र्यांच्या सामानातून इकडं आली, आणि इकडच्या कारागिरांनी तिचे पाय काढून तिला जमिनीवर बसवलं. सरांना हे सगळं पाठ होतं. कुणी उगम विचारला होता. त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"पेटी," ते म्हणाले, "मुळात—"

दानेश्वरीबाईंनी आपल्या पानातली हुग्गी बोटांनी उचलली आणि नवऱ्याच्या उघड्या तोंडात घातली. पंगतीत बायका लाजल्या, पुरुष हसले. कुणी तरी म्हणालं, एवढ्या वर्षांनी घास भरवला म्हंजे गाणं चांगलं झालं म्हणायचं. हुग्गी कढत होती. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गिळण्यासाठी त्यांनी मान जोरानं खालीवर हलवली.

"बघा, सर व्हय म्हणायलेत," अण्णा म्हणाले. "आपलीच."

"आपलीच की," बिरप्पा मास्तर समाधानानं म्हणाले. "हे काय इचारायचं झालं?" आणि त्यांनी आपल्या वाटीतलं तूप सरांच्या पानात ओतलं.

घास पोटात उतरला. तोंड मोकळं झालं. अण्णा अजून समोरच उभे होते, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. दानेश्वरीबाईंची बोटं पुन्हा पानाकडं निघाली होती, पण सरांनी त्यांची वाट पाहिली नाही. दुसरा घास त्यांनी आपल्या हातानं घेतला, आणि चांगला मोठा घेतला.